सीनुआन तिथेच थांबते

१९ ऑगस्ट, सोमवार

घोड्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई पिमजाय यांनी ही वही दिली. सीनुआनचं पोट काही दिवस ठीक नाही, तेव्हा ती काय खाते, किती पिते, लीद कशी टाकते ते रोज लिहायचं. म्हणाल्या, "इन्ताकाका, सगळं लिहा. तुम्हाला बिनमहत्त्वाचं वाटेल तेही." सारा जन्म लाम्पांगच्या रस्त्यांवर टांगा हाकण्यात गेला, घोडीच्या पोटात काय चाललंय ते मला तिच्या कानांवरून कळतं. पण डॉक्टरीणबाईंपुढे माझं काही चालत नाही. माझ्या नातीच्या वयाच्या दिसतात आणि माझ्या आजीसारख्या बोलतात.

सीनुआन: सकाळी गवत आणि कोंडा. दुपारी गवत. लीद पातळ.

वही चांगली जाड आहे. नुसत्या लिदीने भरायची नाही, म्हणून बाकीचंही लिहितो.

प्रसितचा काल फोन आला. माझा एकुलता एक मुलगा, बँकॉकच्या पलीकडे नोन्थाबुरीत राहतो. त्याचं तेच ते. बाबा, आता टांगा पुरे, घोडी विका, आमच्याकडे या. नदीकाठच्या एका हॉटेलवाल्याला माझा टांगा हवा आहे. चालवायला नव्हे, बागेत उभा करून त्यात फुलांच्या कुंड्या ठेवायला. शेवटी सूनबाई नुत मध्ये पडली. तिने म्हणे फोनवर जाहिरात टाकली आहे की टांग्यातून लाम्पांगची देवळं, जुन्या गल्ल्या आणि इथलं खाणं. वर्षावास, म्हणजे भिक्खूंचे पावसाळ्यातले तीन महिने, संपेपर्यंत करून बघायचं. जमलं तर मी इथे राहायचं, नाही जमलं तर मुकाट्याने नोन्थाबुरीला जायचं. मी हो म्हटलं.

त्यांचं घर बाराव्या मजल्यावर आहे. तिथून खाली माणसं दिसतात, पण कुणाला हाक मारता येत नाही.

२२ ऑगस्ट

सीनुआन: गवत, कोंडा, गूळपाणी. लीद पातळच.

आज फेरीचा रस्ता ठरवायला निघालो. पाच देवळं, त्यांचे राजे, कोणी काय बांधलं, बर्मी लाकूडव्यापाऱ्यांनी काय बांधलं, सगळं मला पाठ आहे. पाहुण्यांना इतकं सांगणारा टांगेवाला गावात दुसरा नाही.

काद-कोंग-ताच्या बाजारगल्लीत सीनुआन नेहमीप्रमाणे चान्फेंगच्या गाडीपाशी उभी राहिली. लगाम सैल असो की ताणलेला, ती तिथे थांबतेच. घोड्याची सवय, दुसरं काय. तिथे पाण्याची बादली असते. चान्फेंग न्यावचा तांबडा रस्सा आणि तांदळाच्या शेवया विकते, आणि दुपारी कलिंगडाच्या रसात शिजवलेल्या भाताच्या चकत्या उन्हात वाळवून तळते. हे खावतान तिच्यासारखे गावात कुणाचे होत नाहीत, हे मी नाही, सगळेच म्हणतात. घोडी थांबली आहे म्हटल्यावर मी एक वाटी खाऊन घेतो.

कलिंगडाच्या साली उरतात, त्या चान्फेंग सीनुआनला देते. त्या वर लिहिल्या नाहीत. दोन-चार साली म्हणजे काही खाणं नव्हे. शिवाय लिहायला लागलो तर रोज लिहावं लागेल.

२५ ऑगस्ट, रविवार

पहिले पाहुणे आले. खोरात शहरातले निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको. मी इस्त्रीचा शर्ट, काऊबॉयची टोपी, सगळा थाट करून गेलो. पाचही देवळं दाखवली, एकही राजा सोडला नाही. तिसऱ्या देवळात बाईंनी विचारलं की जेवण कुठे आहे. म्हटलं, ते शेवटी. चौथ्या देवळात त्या खांबाला टेकून बसल्या आणि झोपल्या. मास्तर पायऱ्यांवर बूट काढताना म्हणाले, मी पुन्हा घालतच नाही आता, अनवाणीच बसतो टांग्यात.

चान्फेंगकडे पोचलो तेव्हा दोघांचे चेहरे उतरले होते. तिने न विचारता वाट्या पुढे ठेवल्या, वर तळलेला लसूण, बाजूला मोहरीच्या पानांचं लोणचं. दुसऱ्या वाटीला बाई बोलायला लागल्या आणि मग थांबेचनात. रस्सा तांबडा कशाने होतो, त्यात ती वाळलेली फुलं कसली, विचारून विचारून चान्फेंगला भंडावलं.

ते गेल्यावर चान्फेंग फडक्याने हात पुसत म्हणाली (मी वयाने मोठा, म्हणून ती मला 'पी' म्हणते), "पी इन्ता, पाहुण्यांना देवळात नेलंत की परीक्षेला बसवलंत?"

मला राग आला. मी पैसे ठेवून निघालो. सीनुआन हलेना, तेव्हा सगळ्या गल्लीसमोर तिला ओढत न्यावं लागलं.

२७ ऑगस्ट

सीनुआन: गवत, कोंडा. लीद बरी.

राग धरण्यात अर्थ नव्हता, घोडीला पाणी तर पाजायचंच असतं. चान्फेंगने फेरीची उलटापालट करून दिली. सकाळी आधी बाजार, तिथे केळीच्या पानातला चिकट भात आणि भाजलेल्या हिरव्या मिरचीचा ठेचा. मग एक देऊळ. मग तिच्याकडे न्याव. मग दुसरं देऊळ, आणि तिथे डोकं न खाता पाहुण्यांना नुसतं बसू द्यायचं. दोनच देवळं. मी म्हटलं, बाकीच्या राजांचं काय करू? म्हणाली, ते इतकी वर्षं थांबलेत, अजून थोडे थांबतील.

१ सप्टेंबर, रविवार

चियांग माईच्या चार मैत्रिणी. चान्फेंगही आज बरोबर आली. मी बोलावलं नव्हतं. ती म्हणाली, बाजारात भाजीवाल्या तुम्हाला फसवतात, म्हणून येते. मागे जागा नव्हती, तेव्हा पुढे माझ्या शेजारी बसली.

दोन-ताओ नावाच्या देवळात मी सनावळी सुरू करणार तेवढ्यात तिने गोष्ट सुरू केली. गावातल्या पोराटोरांना ठाऊक असलेली. सुचादा नावाच्या बाईला आपल्या मळ्यातल्या कलिंगडात हिरवं रत्न सापडलं, तिने ते कलिंगड तसंच देवळातल्या भिक्खूंना दिलं, त्यांनी रत्नाची मूर्ती घडवली. मग लोक बोलायला लागले की ही बाई देवळात सारखी का जाते. राजाच्या कानावर गेलं आणि त्याने तिचं मुंडकं उडवलं. मी हे हजारदा ऐकलंय. पण चान्फेंग सांगत होती तेव्हा त्या चौघींपैकी एकीनेही फोन वर केला नाही.

शेवटी ती म्हणाली, "बाईने कलिंगड दिलं, एवढंच. बाकीचं लोकांनी भरलं."

मग डब्यातून खावतान काढून वाटले. कलिंगडाचे, म्हणून ते इथेच खायचे. हे मला का सुचलं नसेल?

सीनुआन: गवत, कोंडा. आज ओझं जास्त होतं, तरी चाल हलकी.

९ सप्टेंबर

काल दोन फेऱ्या झाल्या. दोन्हीला चान्फेंग होती. भाजीवाल्या फार फसवतात म्हणे.

आज डॉक्टरीणबाईंनी वही चाळली नाही, नशीब. लीद मात्र काडीने उकरून पाहिली. विचारलं, गवत-कोंड्याशिवाय आणखी काही खाते का? म्हटलं, छे. म्हणाल्या, "मग या कलिंगडाच्या बिया कुठून आल्या, काका?"

मी म्हटलं, वाऱ्याने आल्या असतील. त्या हसल्या आणि एवढंच म्हणाल्या की थोड्या साली चालतील, रोज ढीगभर नकोत. आता पुढे लिहावं की नाही, ठरत नाही. साली लिहिल्या की कुठल्या, कुठे, आठवड्यातून कितीदा, सगळं आलंच.

१५ सप्टेंबर, रविवार

टांगा भरून पाहुणे. प्रसितला फोन करून सांगितलं. तो बरं म्हणाला, पण हॉटेलवाल्याला अजून नाही म्हणालेला नाही.

परत येऊन चान्फेंग टांग्यातून उतरत होती तेव्हा शेजारच्या गाडीवर सॉसेज भाजणारी साम्रान मोठ्याने म्हणाली, "काय गं, या टांग्याला आता जोडी जुंपली वाटतं." आजूबाजूचे हसले. मीही हसलो. साम्रानची जीभ तिच्या निखाऱ्यांसारखी, सदा पेटलेली. चान्फेंग हसली नाही. दिवसभराची दमली असावी.

२२ सप्टेंबर, रविवार

चान्फेंग आली नाही. काम आहे म्हणाली. बादली तिने गाडीपासून लांब, पार कोपऱ्यावर नेऊन ठेवली होती आणि साली कुठेच नव्हत्या. सीनुआन बादलीकडे गेलीच नाही, नेहमीच्या जागी उभी राहून चान्फेंगकडे बघत राहिली. चान्फेंगने मान वर केली नाही. न्याव वाढलं, पैसे घेतले, पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

कशावरून बिनसलं कळत नाही. भाजीवालीने काही म्हटलं का? की त्या दिवशी गोष्टीत मी मध्येच राजाचं नाव सांगितलं, ते लागलं? तिचे गुडघे दुखतात, टांग्यात चढणं जड जात असेल. म्हणून आज संध्याकाळी पायरीखाली एक लाकडी ठोकळा बसवला. तिच्यासाठीच असं नाही, पाहुण्यांनाही उपयोगी.

२९ सप्टेंबर

सीनुआन: गवत अर्धं टाकलं. कोंडा थोडा.

दोनच पाहुणे. कलिंगडाची गोष्ट सांगणाऱ्या बाई कुठे आहेत म्हणून विचारलं. मी सांगितली ती गोष्ट. शब्द तेच होते, पण पाहुणे कबुतरं बघत होते.

दुपारी हॉटेलवाला माणूस टेप घेऊन आला आणि टांग्याची मापं घेऊन गेला. चाकं काढली तरी चालतील, म्हणाला. प्रसितला फोन करून सांगितलं की वर्षावास संपला की येतो. तो इतका खूश झाला की मला वाईट वाटलं. नुतने विचारलं, "बाबा, नक्की का?" मी म्हटलं, इथे आता मला काय आहे?

सीनुआनसाठी डोंगरातल्या एका शेतकऱ्याशी बोलणं सुरू आहे. भला माणूस आहे. त्याच्याकडे उतारावर भरपूर गवत आहे.

५ ऑक्टोबर, शनिवार

उद्या आमच्या देवळात सलाक. गेलेल्यांच्या नावाने करंड्या भरून द्यायच्या, चिठ्ठीने जी ज्या भिक्खूच्या वाट्याला येईल ती त्याने घ्यायची आणि पुण्य त्या गेलेल्या माणसाला पोचायचं. आज सगळी आळी देवळाच्या मंडपात भरायला बसली होती. माझी बायको वान्दी होती तेव्हा करंडी तीच विणायची. ती गेल्यापासून माझी पंचाईत, कारण माझ्या हाताने विणलेल्या करंडीतून भोपळासुद्धा गळेल. पण दर वर्षी चान्फेंगच्या हातून मोजणीत चूक होते, तिच्याकडे एखादी करंडी जास्त उरते, आणि ती मला मिळते. यंदाही उरली. न बोलता माझ्यापुढे ठेवून गेली. दर वर्षी चूक कशी होते, कुणास ठाऊक. बाकी व्यवहारात ती चोख आहे.

वान्दीच्या करंडीत तिच्या आवडीचं सगळं भरलं. आंबवलेल्या चहाची पानं, सुकी मासळी, नारळ घातलेला केळीच्या पानातला भात, आणि ती ओढायची तसल्या जाड विड्या. दुसरी लहान करंडी, दुकानातली, आमच्या जुन्या घोड्याची. खामफू जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्याने मला पोसलं आहे. त्याला ऊस आणि गूळ.

यंदा शेवटची, असं मनात आलं. नोन्थाबुरीला हे कुणी करत असेल का?

६ ऑक्टोबर, रविवार

देवळातून आल्या आल्या लिहितो.

मंडपात करंड्यांची रांग लागली होती. देवळाचे कारभारी एकेक नाव मोठ्याने पुकारत होते, ज्याची करंडी त्याने पुढे जाऊन भिक्खूंसमोर पाणी सोडायचं. वान्दीचं नाव पुकारलं, मी पाणी सोडलं. मग पुकारलं, "घोडा खामफू, देणारा इन्ता." सगळे हसले, दर वर्षी हसतात. मीही हसत हसत गेलो.

त्यानंतर पुकारलं, "चान्फेंग. देणारी चान्फेंग. पुढे तिला मिळावं म्हणून, आधीच."

कुणी हसलं नाही. ही काही नवलाची गोष्ट नाही. ज्यांच्या मागे कुणी नसतं ते आपली करंडी आपणच जिवंतपणी देऊन ठेवतात, मेल्यावर उपाशी राहायला नको म्हणून. मी लहानपणापासून बघत आलोय. पण हे तिचं असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. तिचं लग्न झालं नाही, भाऊ गेला, हे मला माहीत होतं. तिची करंडीही दर वर्षी बघत होतो. कुणासाठी आहे, ते कधी ऐकलं नाही, कारण माझं झालं की मी घोडीकडे जातो. आज गर्दीत अडकलो म्हणून थांबलो.

ती पुढे गेली, गुडघे टेकले, लहान चंबूतून पाणी सोडलं. एकटीच. पाठ ताठ होती.

माझ्या मेलेल्या घोड्याला करंडी देणारा माणूस या गावात आहे. तिला नाही. आणि वान्दीला दर वर्षी करंडी पोचते ती हिच्या हातची. मला तिथे उभं राहवेना. बाहेर येऊन सीनुआनच्या मानेला धरून रडलो. म्हातारा माणूस देवळाच्या दारात घोडीला धरून रडतोय हे गावाने बघितलं असेल तर बघू दे.

९ ऑक्टोबर

सीनुआनचं लिहिलं नाही तीन दिवस. खाते आहे बहुतेक.

साम्रान काय म्हणाली होती ते आज पुन्हा आठवलं, आणि बादली कधी कोपऱ्यात गेली तेही. माझं डोकं म्हणजे लाकडाचा ओंडकाच आहे. दर रविवारी चान्फेंग सगळ्यांना सांगत होती की लोक बोलले की बाईचं काय होतं, आणि मी शेजारी बसून कबुतरं मोजत होतो.

१० ऑक्टोबर, गुरुवार

आज टांगा घेऊन गेलो, पाहुणे नसताना. सीनुआन थांबली. भरबाजार होता, साम्रान जाळावर वारा घालत होती. ठरवून गेलेलं सगळं विसरलो. उतरलो आणि तसाच बोललो, "चान्फेंग, तुझ्या करंडीत काय घालतेस?"

तिचा डाव तसाच रश्शात राहिला. म्हणाली, "कसल्या करंडीत?"

"तुझ्या. मला ठाऊक असायला हवं. पुढच्या वर्षापासून तू देऊ नकोस. तुझी करंडी मी देईन."

साम्रानचा पंखा थांबला. गल्लीतले सगळेच थांबले असतील, मी बघितलं नाही. चान्फेंगने डाव काढला, भांड्याच्या काठावर झटकला.

"लोक ऐकतायत, पी इन्ता."

"ऐकू देत. ऐकावं म्हणूनच बोलतोय. यांनी मनाचं भरायच्या आधी खरं ते कळू दे."

"तुम्ही तर नोन्थाबुरीला निघालात म्हणे. हॉटेलवाल्याने मापंही नेली."

म्हटलं, त्याला कुंड्यांसाठी दुसरं काहीतरी शोधू दे. हे बोलेपर्यंत मलाही माहीत नव्हतं.

ती म्हणाली, "आणि हिशेब तरी कळतो का तुम्हाला? तुम्ही माझ्याहून मोठे. आधी तुम्हीच जाणार. म्हणजे करंडी मलाच द्यावी लागणार तुमची." तिचा आवाज जरा हलला. मग नेहमीसारखा झाला. "तेव्हा काय घालायचं ते तुम्हीच सांगून ठेवा. बांबूचे कोंब सोडून. ते मी सोलणार नाही."

मी म्हटलं, "करंडीचं पुढे बघू. आज वाटीत वाढ."

तिने वाढलं. साम्रानने उठून माझ्या वाटीशेजारी सॉसेजचे चार तुकडे ठेवले आणि परत जाऊन जाळ फुंकायला लागली. डोळ्यांत धूर गेला असावा, पुसत होती.

१७ ऑक्टोबर

वर्षावास संपला. पहाटे भिक्खूंना भात वाढायला आम्ही दोघं रांगेत उभे होतो. प्रसित आणि नुत कालच आले. प्रसितने चान्फेंगकडे तीन वाट्या न्याव खाल्लं आणि तिला मावशी म्हणाला. मग हॉटेलवाल्याला त्यानेच फोन केला. बाहेर जाऊन बोलला, पण नाही म्हणालेलं मला ऐकू आलं. रविवारी टांगा भरलेला आहे, आणि दोन-ताओच्या देवळात मी तोंडाला कुलूप लावून बसायचं असं ठरलं आहे.

ठोकळ्यावर पाय ठेवून चान्फेंग सहज चढते. हा कधी बसवला म्हणून तिने विचारलं. म्हटलं, पाहुण्यांसाठी.

डॉक्टरीणबाईंनी वही मागितली आहे. पानं फाडावीत असं मनात आलं होतं, पण मग घोडीचंही जाईल. तशीच देतो.

सीनुआन: गवत, कोंडा. लीद घट्ट. कलिंगडाच्या साली खाल्ल्या, रोज खाते, चान्फेंगच्या हातच्या.